शालेय समुपदेशक होताना : व्यवसायबदलाचे मार्ग आणि मर्यादा

म्हैसूर शहराच्या जुन्या बाजारपेठेलगत मंडी मोहल्ला हा दाट वस्तीचा भाग आहे. सॉडे रोड, अकबर रोड, कबीर रोड आणि पुलकेशी रोड हे येथील काही रस्ते. एका वेस्लियन मिशनऱ्याचे, एका मोगल बादशहाचे, एका संतकवीचे आणि एका चालुक्य राजाचे नाव एकाच मोहल्ल्यात नांदावे, हे या शहराच्या स्वभावाला धरूनच आहे. सॉडे रोडवर १९०६ मध्ये सुरू झालेले होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय आहे. लोक त्याला मिशन हॉस्पिटल या नावानेच ओळखतात. वस्तीत दुकानदार, कारागीर, हातावर पोट असणारी कुटुंबे आणि नोकरदार असे सर्वच प्रकारचे लोक राहतात. अनेक मुले घरी दखनी उर्दू, गल्लीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतात.

अशा वस्तीतील शाळेत नववीचा एखादा विद्यार्थी रोज दुसऱ्या तासाला झोपी जात असेल, तर त्याला आळशी ठरवणे सोपे असते. तो पहाटे दुकान उघडण्यास मदत करतो, की रात्री घरातील भांडणामुळे जागतो, की त्याला फळ्यावरील अक्षरेच नीट लागत नाहीत, हे विचारण्यासाठी कोणाला तरी वेळ आणि प्रशिक्षण असावे लागते. हे काम शालेय समुपदेशकाचे होय. बँक, रुग्णालय, संगणक क्षेत्र किंवा अध्यापन यांत काही वर्षे घालवल्यानंतर या कामाकडे वळू इच्छिणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांच्यासाठी कोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि ते कोठे अडतात, याची माहिती येथे दिली आहे.

दोन भाषांतील दोन शब्द

मराठीत या व्यवसायाला समुपदेशन म्हणतात. या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि अनेक इच्छुकांची अडचण नेमकी तेथूनच सुरू होते. कन्नडमध्ये समुपदेशकासाठी ‘आप्तसमालोचक’ हा शब्द रूढ आहे. आप्त म्हणजे विश्वासातला, जवळचा; समालोचक म्हणजे सोबत बसून विचार करणारा. कामाचे वर्णन म्हणून कन्नड शब्द अधिक नेमका आहे, असे म्हणावे लागेल. समुपदेशक मुलाला काय करावे हे सांगत नाही. मुलाला स्वतःची परिस्थिती स्पष्ट दिसावी आणि पुढचे पाऊल त्याचे त्यालाच ठरवता यावे, यासाठी तो मदत करतो.

दुसऱ्या व्यवसायातून येणाऱ्या व्यक्तीजवळ आयुष्याचा अनुभव असतो, ही तिची जमेची बाजू होय. परंतु त्याच अनुभवातून सल्ला देण्याची सवयही लागलेली असते. वीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाला चूक दिसताच दुरुस्त करावीशी वाटते. मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्याला मुलाखत घेण्याचे तंत्र अवगत असते. मात्र त्याची निष्ठा समोरच्या उमेदवाराशी नसून संस्थेशी असते. परिचारिकेचे निरीक्षण बहुधा सर्वांत तीक्ष्ण असते, पण तिला लवकर निर्णय घेण्याची सवय झालेली असते. प्रशिक्षणात नवे सिद्धान्त शिकण्यापेक्षा या जुन्या सवयी बाजूला ठेवण्यास अधिक वेळ लागतो.

व्यवसाय बदललेल्यांची परंपरा

या क्षेत्राचा आरंभच अशा माणसांपासून झाला. व्यवसाय मार्गदर्शनाचे जनक मानले जाणारे फ्रँक पार्सन्स यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. रेल्वेतील नोकरी सुटल्यावर ते शिक्षक झाले, नंतर कायद्याकडे वळले आणि १९०८ मध्ये त्यांनी बोस्टन येथे तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हैसूरचा वारसाही लक्षणीय आहे. येथील विद्यापीठात १९२४ मध्ये मानसशास्त्र विभाग सुरू झाला आणि भारतातील अशा आरंभीच्या विभागांत त्याची गणना होते. लंडनमध्ये प्रशिक्षण घेतलेले प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तो उभारला. याच मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये आपल्या घरातून एक लहानसे नभोवाणी केंद्र चालू केले. त्याचे नाव ‘आकाशवाणी’ होते आणि पुढे राष्ट्रीय प्रसारण सेवेने तेच नाव स्वीकारले.

मराठी वाचकांच्या दृष्टीने आणखी एक दुवा महत्त्वाचा आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील मुलांसाठी प्रमाणित केली. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. मुलाच्या बुद्धीचे माप त्याच्या घरच्या भाषेत घेतले पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. मंडी मोहल्ल्यासारख्या बहुभाषिक भागात हा मुद्दा अजूनही शिळा झालेला नाही. इंग्रजी माध्यमातील मुलगा प्रश्नाचे उत्तर देत नाही याचा अर्थ त्याला ते येत नाही असाच असेल, असे नाही.

मुंबईत बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र १९४१ मध्ये आणि पारशी पंचायतीचे केंद्र १९४७ मध्ये सुरू झाले होते. केंद्र सरकारने १९५४ मध्ये शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनासाठी मध्यवर्ती विभाग स्थापन केला. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) आणि नंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळांतील मार्गदर्शनाचा आग्रह धरला. कागदावर या सेवेला सत्तर वर्षे झाली. बहुसंख्य शाळांच्या उंबरठ्यापर्यंत मात्र ती पोहोचली नाही.

प्रवेशाचे दोन दरवाजे

शालेय समुपदेशक होण्यासाठी देशभर एकच परवाना किंवा एकच परीक्षा नाही. त्यामुळे इच्छुकांचा गोंधळ उडतो आणि काही आठवड्यांची प्रमाणपत्रे विकणाऱ्यांचे फावते. प्रत्यक्षात विश्वासार्ह मार्ग दोन आहेत. पहिला अध्यापनाच्या पदवीतून जातो, दुसरा मानसशास्त्र किंवा तत्सम विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणातून. आपल्याजवळ यांपैकी कोणती पात्रता आधीच आहे, यावर व्यवसायबदलाला किती वर्षे लागतील हे ठरते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम या दोन्ही मार्गांवरील उमेदवारांना घेतो. परिषदेच्या प्रादेशिक शिक्षण संस्था अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे आहेत. त्यांखेरीज दिल्ली व शिलाँग येथेही अभ्यासकेंद्रे चालवली गेली आहेत. म्हैसूरची संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. शहराच्या पश्चिमेला, कुक्करहळ्ळी तलावाजवळ मानसगंगोत्री परिसर आहे. विद्यापीठाच्या या परिसराला कुवेंपू यांनी दिलेले नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विशेष शोभून दिसते. प्रादेशिक शिक्षण संस्थाही याच भागात असून तिच्या आवारात तिची स्वतःची प्रायोगिक शाळा आहे. मंडी मोहल्ल्यातील रहिवाशाला तेथे शहर बससेवेने जाता येते. वसतिगृहाचा खर्च वाचणे ही मध्यमवयीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने लहान बाब नव्हे.

या अभ्यासक्रमाला अध्यापनाची पदवी असलेले पदवीधर अर्ज करू शकतात. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, बालविकास किंवा विशेष शिक्षण या विषयांतील पदव्युत्तर पदवीधरांनाही तो खुला आहे. दोन्ही गटांना अध्यापनाच्या किंवा संबंधित कामाच्या अनुभवाची अट असते. म्हणजेच वाणिज्य शाखेची पदवी आणि बँकेतील पंधरा वर्षे एवढ्या भांडवलावर येथे थेट प्रवेश मिळत नाही. अशा व्यक्तीला आधी बी.एड. किंवा मानसशास्त्रातील एम.ए. पूर्ण करावे लागते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्रातील एम.ए. अभ्यासक्रमाला २०२५ पर्यंत नोकरी सांभाळून प्रवेश घेता येत असे, म्हणून अनेकजण त्या वाटेने गेले. मात्र दूरशिक्षणातून मिळालेली पदवी आणि प्रत्यक्ष मुलांसमोर बसण्याचा सराव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट टपालाने येत नाही.

पदविका एका वर्षाची असून तिचे तीन टप्पे आहेत. पहिले सहा महिने दूरशिक्षणाचे, पुढचे तीन महिने केंद्रावरील प्रत्यक्ष अध्यापनाचे आणि अखेरचे तीन महिने शाळेतील अनुभवकार्याचे. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये भोपाळ केंद्राच्या कार्यक्षेत्रात येतात, तर कर्नाटक म्हैसूरच्या. सोलापूरच्या इच्छुकाला म्हैसूरपेक्षा भोपाळ लांब वाटो न वाटो, विभागणी अशी आहे. बेळगावचा रहिवासी मात्र म्हैसूरच्या कक्षेत येतो. जागा, शुल्क आणि अनुभवाच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत तपासून घ्याव्यात.

महाराष्ट्रात याखेरीज काही जुन्या संस्थांचे काम उपयोगी पडते. डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका, तसेच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था यांनी मराठीतून या विषयाची भाषा घडवली. कर्नाटकात काम करणाऱ्या मराठी समुपदेशकालाही या मराठी साहित्याचा आधार घेता येतो. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी खानापूर-विटा भागातून दक्षिणेतील शहरांत गेलेल्या कुटुंबांची मुले तेथील शाळांत शिकतात. आईशी मराठीत बोलू शकणारी व्यक्ती शाळेत असणे ही त्या कुटुंबासाठी मोठी सोय ठरते.

काय करू नये

शालेय समुपदेशक हा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नसतो. ती पदवी लावून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असते. नैराश्याचे निदान करणे, औषधाविषयी मत देणे किंवा अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र देणे समुपदेशकाच्या अधिकारात येत नाही. लक्षणे ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे एवढेच त्याचे काम असते, आणि ते अजिबात लहान नाही. म्हैसूरमध्ये १९६५ पासून अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था कार्यरत आहे. वर्गात ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसलेल्या मुलाला प्रत्यक्षात ऐकूच कमी येत असेल, तर त्याला त्या दारापर्यंत नेणारा समुपदेशक त्याचे शिक्षण वाचवतो. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेतासंस्थेची सेवाही फार लांब नाही.

गोपनीयता हा या कामाचा प्राण आहे, असे प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते. तिची मर्यादा कोठे संपते हे मात्र कायद्याने ठरवले आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण कायदा २०१२ मधील कलम १९ नुसार बालकावर असा गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शक्यता कळल्यास कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. कलम २१ नुसार न कळवणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास ही मुदत एक वर्षापर्यंत जाते. म्हणून ‘तू सांगितलेले मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन समुपदेशकाने देऊ नये. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावे लागेल, पण आधी तुला सांगूनच’ असे पहिल्याच भेटीत म्हणणारा समुपदेशक मुलाला फसवत नाही. दाट वस्तीत, जेथे शाळेचा शिपाई, दुकानदार आणि मुलाचा काका एकमेकांना ओळखतात, तेथे हे वाक्य फार जपून उच्चारावे लागते. समुपदेशन कक्षाचे दार कोणत्या बाजूला उघडते, बाहेरच्या बाकावर कोण बसते, यांसारख्या गोष्टींचाही विचार करावा लागतो.

बालमजुरीबाबतचा २०१६ चा सुधारित कायदा १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करतो. मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या धोक्याच्या नसलेल्या व्यवसायात मदत करण्यास सूट देतो. बाजारपेठेतील मुलांच्या बाबतीत ही सूट आणि प्रत्यक्षातील राबणूक यांतील रेषा पुसट असते. बँकेतून आलेल्या समुपदेशकाला कर्जबाजारी दुकानदाराची अडचण समजते. मुलाच्या झोपेची अडचण त्याला नव्याने समजून घ्यावी लागते.

मागणी आणि वेतन

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंच्या बाबतीत नोंदवले गेले. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षीय विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सांगितले. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे.

तुलनेसाठी पाहता, अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. आपल्याकडे हजार-दीड हजार मुलांच्या शाळेत एक व्यक्ती असली, तरी ती शाळा पुढारलेली समजली जाते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या २०१८ च्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची तरतूद केली होती. अपेक्षित पात्रतेत मंडळ वेळोवेळी बदल करत असल्याने अर्जापूर्वी ताजे नियम वाचणे हिताचे. नेमणुकांचे प्रत्यक्ष स्वरूप मात्र अनेकदा करारपद्धतीचे किंवा तासिका तत्त्वावरचे असते. आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत आणि उरलेले दिवस दुसऱ्या शाळेत, अशी व्यवस्थाही आढळते. गैरहजर शिक्षकांचे तास समुपदेशकाच्या माथी मारण्याची पद्धत तर सर्वत्रच दिसते. ही तक्रार केवळ श्रमाची नाही. सकाळी शिस्तीसाठी वर्गात ओरडलेल्या व्यक्तीजवळ दुपारी मन मोकळे करण्यास मूल येत नाही. याच कारणाने गुण देणारा शिक्षक आणि समुपदेशक एकच असणे अयोग्य मानले जाते. नेमणुकीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी स्वतंत्र खोली, नोंदी ठेवण्याचे कुलूपबंद कपाट आणि वर्गाच्या तासांची कमाल मर्यादा या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पगाराची घासाघीस नंतर करता येते.

नव्या समुपदेशकाला स्वतःसाठीही कोणी अनुभवी व्यक्ती लागते, जिच्याशी तो अवघड प्रसंगांविषयी नाव न घेता बोलू शकेल. याला पर्यवेक्षण म्हणतात. शाळा बहुधा त्याची सोय करत नाहीत. ती पदविकेच्या काळातच जमवून ठेवावी लागते. तातडीच्या प्रसंगी मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक समुपदेशन कक्षाच्या दारावर बाहेरच्या बाजूने लावावेत, म्हणजे दार बंद असतानाही ते वाचता येतील.

महिन्यांचा हिशेब

नोकरी केव्हा सोडावी, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. तो खरे तर आधी विचारला पाहिजे. पदविकेचे सत्र जानेवारीत सुरू होते असे धरल्यास जूनपर्यंतचा दूरशिक्षणाचा काळ नोकरीत राहून काढता येतो. जुलै ते सप्टेंबर केंद्रावर हजर राहावे लागते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर शाळेत. या सहा महिन्यांसाठी बिनपगारी रजा मिळाली तर उत्तम, अन्यथा जूनअखेर राजीनामा द्यावा लागतो. अभ्यासक्रम डिसेंबरमध्ये संपतो, पण शाळांची भरती प्रामुख्याने नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर, म्हणजे मार्च ते मे या काळात होते. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस वा जूनच्या आरंभी उघडतात, महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास. नव्या कामाचे पहिले वेतन त्यामुळे जूनअखेरीपूर्वी हाती पडण्याची शक्यता कमी असते. एकूण सुमारे बारा महिने घरात त्या व्यक्तीची मिळकत नसते. ज्यांना आधी बी.एड. किंवा एम.ए. करावयाचे आहे, त्यांनी त्याची दोन वर्षे या हिशेबात आधी धरावीत. जानेवारी ते मे हे पाच महिने मात्र रिकामे जाण्याचे कारण नाही. अनुभवकार्य ज्या शाळेत केले, तेथेच परीक्षेच्या हंगामात आठवड्याचे काही तास मानधनावर काम मागता येते, कारण नेमक्या त्याच महिन्यांत शाळेला माणूस कमी पडत असतो.